मदत हवी आहे: प्लेराइटचे स्क्रीनशॉट लॅपटॉपवर पास, गिटहबवर फेल

राजेहो, चार दिवसांपासून एकाच जागी अडकलोय. मोर्शीजवळच्या गावातून एका संत्रा बागायतदार गटाची मराठी साइट सांभाळतो. आठ पानांचे स्क्रीनशॉट प्लेराइटने (ब्राउझर आपोआप चालवून साइट तपासणारं टूल) जुन्याशी ताडून पाहतो. बेसलाइन, म्हणजे ज्यांच्याशी ताडायचं ते मूळ स्क्रीनशॉट, माझ्या विंडोज लॅपटॉपवर काढलेली; टेस्ट चालते गिटहब ॲक्शन्सच्या (गिटहबची आपोआप टेस्ट चालवणारी सेवा) उबंटू लिनक्सवर. फाइलच्या नावातला प्लॅटफॉर्म (विंडोज की लिनक्स) मीच काढून टाकला, म्हणजे दोन्हीकडे एकच बेसलाइन. बहुतेक तिथंच माती खाल्ली.

डिफ (दोन स्क्रीनशॉटमधला फरक लाल दाखवणारं चित्र) उघडला तर ‘संत्र्याचे दर’ मधला ‘त्र्या’ लालेलाल, अन् खालचं अख्खं टेबल 2 पिक्सेल सरकलेलं.

नोटो सान्स देवनागरी साइटसोबतच देतो, फॉन्ट लोड होईपर्यंत थांबतो. रोज बदलणारे दर मास्क केलेत, म्हणजे तुलनेत झाकलेत. थ्रेशोल्ड (एका पिक्सेलच्या रंगात किती फरक चालेल ते) 0.2 वरून 0.3 केला, फरक नाही. मग 2 टक्के पिक्सेलची सूट दिली, तर सगळं पास. पण मुद्दाम ‘संपर्क’ बटण लपवलं, तरी पासच! मग तपासायचं तरी कशाला?

डॉकर (लॅपटॉपवरच गिटहबसारखं लिनक्स चालवायची सोय) सुचवाल, पण नेट मोबाइलचं, दिवसाला 2 जीबी, अन् लाइन गेली की टॉवरही झोपतो. लॅपटॉपची रॅम 4 जीबी.

म्हणून बेसलाइन ॲक्शन्सवरच अपडेट-स्नॅपशॉट्सने (प्लेराइटचा बेसलाइन नव्याने काढायचा पर्याय) बनवून रेपोत, म्हणजे गिटहबवरच्या कोडसोबत, कमिट करायचा विचार आहे. असं कोणी करतं का? आणि चुकीचा बदलच नवी बेसलाइन होऊन बसू नये म्हणून मंजुरीची पायरी नेमकी कुठं ठेवता?