जुनं बेसबॉल स्टेडियम: पाडायचं की दुरुस्त करायचं? (आपला फॅमिली ग्रुप)

छोटू: सगळ्यांनी जरा मदत करा. आमच्या युनिव्हर्सिटीचं बेसबॉल स्टेडियम खूप जुनं झालंय, काँक्रीटचे पोपडे पडतायत, एका बाजूचा स्टँड तर बंदच ठेवलाय, आणि आता सगळं पाडून नवं बांधायचं की आहे तेच दुरुस्त करायचं यावर विद्यार्थ्यांना मत विचारलंय. पुढच्या आठवड्यात मीटिंगमध्ये मला बोलायचंय. पाडू नये असं मला मनापासून वाटतं पण नुसतं वाटून उपयोग नाही, मुद्दे पाहिजेत

काका: कॉलेजच्या मॅचला स्टेडियम लागतं कशाला रे? आम्ही आझाद मैदानावर एका तंबूत पॅड बांधून खेळलो

छोटू: काका इकडे अमेरिकेत दक्षिणेतल्या राज्यांत कॉलेज बेसबॉलचं प्रचंड वेड आहे. मिसिसिपी स्टेट युनिव्हर्सिटीचं स्टारकव्हिलमधलं डूडी नोबल फील्ड हे स्टेडियम आहे ना, तिथे २०१४ ला ओल मिस म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ मिसिसिपीविरुद्धच्या एका मॅचला १५,५८६ लोक आले होते, आणि स्टारकव्हिल म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढं गाव

बॅटन रूजची आत्या: छोटू मी तुझ्या विरुद्ध बोलणार आहे, राग मानू नकोस. आमच्या एलएसयूचं, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचं, अॅलेक्स बॉक्स स्टेडियम १९३८ चं होतं. अॅलेक्स बॉक्स हा इथलाच खेळाडू, दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत गेला, त्याचं नाव दिलेलं. त्याच मैदानाच्या जोरावर कोच स्किप बर्टमन यांनी १९९१ ते २००० मध्ये पाच नॅशनल टायटल जिंकून दिली. म्हणजे आठवणी कमी नव्हत्या. तरी २००९ ला जवळच नवं बांधलं, नाव तेच ठेवलं, जुनं नंतर पाडलं, आणि नव्यात पहिल्याच सीझनला टायटल आलं! लोक येतच राहिले. आणि व्हीलचेअरवरच्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन जुन्या स्टँडच्या पायऱ्या चढून बघ एकदा, मग बोल

छोटू: आत्या राग कसला, व्हीलचेअरचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. पण मिसिसिपी स्टेटने जागा सोडली नाही ना. तिथे लेफ्ट फील्डच्या, म्हणजे मैदानाच्या डाव्या टोकाच्या, बाहेर साठच्या दशकापासून लोक आपापले ट्रक आणून लावायचे, मागे खुर्च्या टाकायचे, शेगडीवर मांस भाजत मॅच बघायचे, लेफ्ट फील्ड लाउंज म्हणतात त्याला. २०१७ ते २०१९ मध्ये सगळं स्टेडियम तिथल्या तिथे नव्याने उभं केलं, २०१८ चा सीझन अर्धवट बांधकामातच खेळले, आणि लाउंजलाही पक्क्या बांधकामात जागा दिली. २०२१ ला टायटल जिंकले, युनिव्हर्सिटीच्या इतिहासातलं कुठल्याही सांघिक खेळातलं पहिलं

ताई: थांबा जरा. छोटू तू ज्याला दुरुस्ती म्हणतोयस ती दुरुस्ती नाहीये, ते तिथल्या तिथे पाडून बांधणंच आहे, मीटिंगमध्ये हे उदाहरण दिलंस तर समोरचा तेच म्हणेल. आधी सांग स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का? पोपडे पडतायत म्हणजे आतलं लोखंड गंजून फुगलंय. वरच्या बसायच्या स्लॅबमध्येच असेल तर तेवढं फोडून, सळ्या साफ करून, नवं काँक्रीट घालून पुढची बरीच वर्षं निघतात. पण कॉलम किंवा फूटिंगपर्यंत, म्हणजे खांब किंवा पायापर्यंत, गेलं असेल तर आठवणींसाठी लोकांना त्याच्याखाली बसवू नका, माझं याबाबतीत स्पष्ट मत आहे

ताई: आणि दुरुस्ती नेहमी स्वस्त पडते हा गैरसमज आहे. बेसबॉलचा सीझन फेब्रुवारीत सुरू होतो, म्हणजे काम जून ते जानेवारीत, तेही टप्प्याटप्प्याने, दर वेळी काँट्रॅक्टरने परत माणसं आणि मशीन आणायची. शिवाय तिकडे अपंगांसाठीचा १९९० चा कायदा आहे, मुख्य भागात बदल केला की तिथपर्यंतचा रस्ता, रॅम्प, टॉयलेट हेही सुधारावं लागतं, त्यावर मूळ कामाच्या २० टक्क्यांपर्यंत खर्च धरतात. हे बजेटमध्ये आहे का बघ

काका: वानखेडेचं तसंच झालं की. २०११ च्या वर्ल्ड कपच्या आधी जागा तीच ठेवून स्टँड नवे केले, छप्पर आलं, बकेट सीट आल्या, दिसतं सुंदर. पण आधी पंचेचाळीस हजारांच्या आसपास माणूस मावायचा तो तेहतीस हजारांवर आला. बाकावर दाटीवाटीने बसणारा माणूस बाहेर गेला. मला अजून वाईट वाटतं

छोटू: काका हेच! माझा खरा मुद्दा हाच आहे, मला आत्ता तुमच्यामुळे नीट सांगता आला. आमच्याकडे राइट फील्डच्या मागे गवताचा उतार आहे, तिथे विद्यार्थी आयडी दाखवून फुकट बसतात, गावातली लहान मुलंही असतात, आणि नव्या स्टेडियमच्या चित्रात त्या जागी एसी बॉक्स, म्हणजे महागड्या तिकिटांच्या बंद खोल्या, दाखवलेत

बॅटन रूजची आत्या: ते बॉक्स पैशासाठी असतात बाळा. १ जुलै २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, एवढा पैसा आणणार कुठून, मग महागड्या सीट विकायच्या. हे नव्यातही होणार आणि दुरुस्त केलेल्यातही होणार

छोटू: म्हणून मी आता पाडू नका असं म्हणणारच नाही. ऑडिटमध्ये कॉलम खराब निघाले तर पाडा. पण पाडा किंवा ठेवा, तो उतार विद्यार्थ्यांसाठी राहील आणि विद्यार्थी फी वाढणार नाही हे टेंडर निघायच्या आधी लेखी द्या. नंतर कोण ऐकतो

बॅटन रूजची आत्या: आणि रॅम्प उतारापर्यंत न्या म्हणावं. व्हीलचेअरवाल्यांनी फक्त महागाच्या बाजूलाच का बसायचं

छोटू: हो आत्या, हे नक्की घालतो, हे मला सुचलंच नसतं

काका: छान. मीटिंगमध्ये आवाज चढवू नकोस, शांतपणे बोल

ताई: सरकारी युनिव्हर्सिटी आहे ना तुमची, मग ऑडिट रिपोर्ट माहितीच्या कायद्याखाली मागता येईल, आजच अर्ज कर. पीडीएफ मिळाला की लगेच मला पाठव, कॉलम आणि फूटिंगची पानं मी आधी बघते