वाफ वाचवायची तर आधी गळती बंद करायची की आधी नवी मशिनरी?

निपाणीचा बॉयलरवाला

बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी या पट्ट्यात साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्या दाटीनं आहेत. ऑफ-सीझन लागला की दरवर्षी तेच ऐकायला मिळतं : शेजारच्यांनी फॉलिंग फिल्म बॉडी (रस आटवायचं भांडं) बसवली, आपणही बसवूया. माझं म्हणणं सरळ आहे. प्रत्येक विभागाला वाफेचं मीटर लागत नाही आणि गळती थांबत नाही, तोवर नव्या मशिनरीवर एक रुपयाही घालू नये.

सात बार दाबाच्या वाफेच्या लाइनला तीन मिलिमीटरचं भोक पडलं तर तासाला साधारण २५ किलो वाफ जाते. अशी ४० ठिकाणं म्हणजे तासाला एक टन. मोठ्या प्लांटमध्ये ४० ठिकाणं सापडायला अर्धा दिवससुद्धा लागत नाही. गळका ग्लँड, फ्लँज, कुणीतरी उघडा ठेवलेला बायपास हे डोळ्यांना दिसतं तरी. ट्रॅप म्हणजे वाफ अडवून पाणी तेवढं बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह; तो उघडा अडकला तर दिसत नाही. त्यातली वाफ कंडेन्सेटच्या (वाफ थंड होऊन झालेल्या पाण्याच्या) लाइनमधून टाकीत जाते आणि टाकीच्या व्हेंटमधून वर निघून जाते.

कंडेन्सेटची गोष्ट तर मला बघवत नाही. सात बारच्या गरम कंडेन्सेटमध्ये वाफेतल्या एकूण उष्णतेचा जवळपास चौथा हिस्सा असतो. तो गटारीत सोडायचा आणि बॉयलरला गार पाणी पाजायचं? फीडवॉटर सहा अंशांनी तापवलं तर सुमारे एक टक्का इंधन वाचतं. ह्याला पंप, टाकी आणि चार फिटर पुरतात.

मंगळूरकर (मूळ खानापूर)

दादा, गळती थांबवावी यात वाद नाही. पण 'तोवर नवीन काही नको' हे मला अजिबात पटत नाही. ट्रॅप दुरुस्त केला की वाया जाणारी वाफ थांबते; प्रक्रियेला लागणारी वाफ तेवढीच राहते. ती किती लागणार हे डिझाइन ठरवतं.

रस आटवायचंच बघा. एकाच बॉडीत आटवला तर एक किलो वाफेला जेमतेम एक किलो पाणी उडतं. ओळीनं पाच बॉड्या जोडल्या, एकीची वाफ पुढचीला दिली, की तेवढ्याच वाफेत पाच किलोच्या आसपास. त्यातही रस तापवायला आणि पॅनला (साखर शिजवायच्या भांड्याला) टर्बाइनची एक्झॉस्ट (वीज करून बाहेर पडलेली) वाफ न देता दुसऱ्या-तिसऱ्या बॉडीची वाफ काढून दिली तर आणखी वाचते. जुन्या पद्धतीच्या कारखान्यात एक टन उसाला साडेचारशे ते पाचशे किलो वाफ लागते. नीट जुळवणी केलेल्या कारखान्यात साडेतीनशेपर्यंत येते. ही दरी ग्लँड आवळून भरणार नाही.

मी तेल रिफायनरीत आहे. तिथं कच्चं तेल भट्टीत जाण्याआधी टॉवरमधून निघणाऱ्या गरम मालाकडूनच अडीचशे अंशांच्या वर तापवून घेतात. भट्टीनं फक्त उरलेलं द्यायचं. कुठला गरम प्रवाह कुठल्या गार प्रवाहाला भिडवायचा याचा हिशेब, पिंच ॲनालिसिस, १९७० च्या दशकाच्या अखेरीस लिनहॉफ यांनी मांडला. लांब कशाला, आपल्या यमनापूरला ॲल्युमिनाची रिफायनरी आहे. बॉक्साइट कॉस्टिकमध्ये विरघळवायच्या या प्रक्रियेत तापलेला गाळ टप्प्याटप्प्यानं दाब उतरवत नेतात आणि सुटलेल्या वाफेनं आत येणारं कॉस्टिक तापवतात. ते डिझाइनमध्येच असतं, नंतर चिकटवलेलं नसतं.

शिफ्टमधला माणूस, रायबाग

दोघांनीही टर्बाइन सोडलं की. आमच्याकडं बॅक-प्रेशर टर्बाइन आहे, म्हणजे वीज करून झालेली वाफ पुढं बॉड्यांना जाते. मिलला किती वीज पाहिजे त्यावर टर्बाइनमधून किती वाफ जाणार ते ठरतं, आणि तेवढी एक्झॉस्ट बाहेर येणारच. बॉड्यांनी ती कमी घेतली तर जाणार कुठं? आम्ही रात्रपाळीला ती हवेत सोडलेली आहे. नव्या बॉडीची पूजा झाली, कागदावर वाफ वाचली, बॉयलरला जाळायच्या बगॅसचा (उसाच्या चिपाडांचा) ढीग होता तेवढाच. आधी मिलची आणि पंपांची वीज खाली आणा, नाहीतर उरलेली वाफ गार करून तिचं पाणी करणारं कंडेन्सिंग टर्बाइन घ्या. त्याशिवाय मंगळूरकरांचा हिशेब आमच्या गेटच्या आत चालत नाही.

उद्यमबाग

विजेचं काढलंत म्हणून. प्रत्येक पंपाला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लावा असं सांगणारे खूप भेटतात : वेग ८० टक्के केला की वीज निम्म्यावर. हे पाइपच्या घर्षणाविरुद्ध चालणाऱ्या पंपाला लागू. उंच टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाला उंची तेवढीच राहते, तिथं एवढी बचत होत नाही. इंपेलर (पंपातलं फिरतं चाक) कापून घेणं कित्येकदा स्वस्त पडतं.

अथणीचा ऊसकरी

टनाला ५० किलो वाफ वाचली तर साधारण २२ किलो बगॅस वाचतो. पाच हजार टनी कारखान्यात दिवसाला ११० टन. ह्यातलं शेतकऱ्याला काय? एफआरपी (उसाला द्यायचा किमान दर) साखर उताऱ्यावर ठरतो, बगॅसवर नाही. २०१२ साली रंगराजन समितीनं बगॅस, मळी, प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) धरून उत्पन्नाच्या ७० टक्के वाटा उसाला द्यावा असं सुचवलं होतं. तुमच्या चर्चेत आमचा ऊस फक्त भाजक म्हणून येतो.

मंगळूरकर

काका, वाट्याचा मुद्दा रास्त आहे, पण बचतच झाली नाही तर वाटायला तेवढं कमीच उरेल.

रायबागच्या दादांचं खरं आहे, एक्झॉस्ट हवेत जात असेल तर बॉडी घेऊन उपयोग नाही. पण म्हणूनच वाफ आणि वीज दोन्हींचा एकत्र ताळेबंद मांडून काय घ्यायचं ते ठरवा. ते डिझाइनचंच काम झालं, पान्याचं नव्हे. आणि सरकारी दट्ट्या असल्याशिवाय हे कुणी करत नाही, हेही बोललं पाहिजे. 'पॅट' या केंद्राच्या ऊर्जाबचत योजनेच्या २०१२ च्या पहिल्या फेरीत ठरवून दिलेल्या आठ उद्योगांत ॲल्युमिनियम होतं, साखर नव्हती. रिफायनऱ्या दुसऱ्या फेरीत आल्या. लक्ष्य गाठलं नाही तर प्रमाणपत्रं विकत घ्यावी लागतात, हे कळल्यावर माणसं प्रत्येक हीट एक्स्चेंजरकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागली.

निपाणीचा बॉयलरवाला

ताळेबंद मांडायला आकडे कुठले आणणार? एक्झॉस्ट हेडरला (मुख्य पाइपला) मीटर नाही, पॅनला नाही, डिस्टिलरीच्या रीबॉयलरला नाही. फक्त बॉयलरवरचा आकडा बघून सल्लागार अहवाल लिहितो आणि तो कपाटात जातो.

आणखी एक. आपला हंगाम चार-पाच महिन्यांचा. इकडचा ऊस सांगली-कोल्हापूरचे कारखानेही उचलतात, त्यामुळं बरेच दिवस गाळप क्षमतेपेक्षा कमी चालतं. मिल अर्धी झाली म्हणून वाफ अर्धी होत नाही. पाइप तेवढेच तापलेले, बॉड्या तेवढ्याच. पूर्ण गाळप धरून दाखवलेली परतफेड इथं लांबते. तुमची रिफायनरी बारा महिने चालते, तो हिशेब इथं लावू नका.

शिफ्टमधला माणूस, रायबाग

मीटर लागलं तरी रीडिंग कोण घेणार तेही ठरवा. लॅगिंग (पाइपवरचं उष्णता अडवणारं वेष्टन) काढून वेल्डिंग केलं की परत बसवायला कंत्राटदाराचा माणूस येत नाही, हंगामभर पाइप उघडाच. ट्रॅप तपासायला कायम कामावरची दोन माणसं द्या, हे मी प्रत्येक बैठकीत मागतो. बॉडीला कोटी मंजूर होतात, ही दोन माणसं होत नाहीत.