वायरलेस ड्राइव्हवरून प्रवासात पाच जणांना व्हिडिओ: आवाज गायब, मराठी सबटायटल्सच्या जागी प्रश्नचिन्हं

खिडकीशेजारची

नमस्कार. अकरा दिवसांनी आम्ही पाच जण लांब निघतोय. जाताना रेल्वेत दोन रात्री, येताना विमान. मी, नवरा, आई आणि दोन मुलं, थोरला ११ वर्षांचा आणि धाकटी ६ वर्षांची. वाटेत नेटवर्क येईल तेव्हा येईल, त्यामुळे ऑनलाइन बघण्याच्या भरवशावर राहायचं नाही असं ठरवलंय.

भावाने त्याची जुनी वायरलेस ड्राइव्ह दिली आहे. १ टीबी, आत फिरती हार्ड डिस्क, स्वतःची बॅटरी. बटण दाबलं की तिचं वायफाय सुरू होतं आणि फोन-टॅब त्याला जोडता येतात. मुलांचा टॅब ३२ जीबीचा आणि तोही भरलेला, आईचा फोन फोटोंनी भरलेला. म्हणून एकाच डब्यात सगळं भरून न्यायचं, ज्याला जे हवं ते त्याने बघायचं, असा बेत आहे.

काल घरी जोडून पाहिलं. चार गोष्टी अडल्या.

टॅबवर दोन सिनेमांचं चित्र दिसतं पण आवाज अजिबात नाही. नवऱ्याच्या फोनवर पंधरा-वीस मिनिटांनी व्हिडिओ थांबतो, 'इंटरनेट नाही' असा संदेश येतो आणि फोन आपोआप मोबाइल डेटावर जातो. त्याने ३१ जीबीची एक मोठी फाइल टाकली आहे, ती दर मिनिटाला अडखळते.

चौथी माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. आईला दोन वर्षांपासून कमी ऐकू येतं. श्रवणयंत्र आहे, पण गाडीत ते खडखडाटसुद्धा मोठा करून ऐकवतं, म्हणून ती तिथे यंत्र काढूनच ठेवते. तिला वाचायला सबटायटल्स लागतात, तीही मराठी. पक्ष्यांवरच्या एका मालिकेच्या सहा भागांची सबटायटल्स मी स्वतः रात्री बसून टाइप केली आहेत. आता चार भागांत मराठीच्या जागी टोप्या आणि चिन्हं लावलेली रोमन अक्षरं दिसतात, आणि दोन भागांत नुसती प्रश्नचिन्हं. ते दोन भाग गेलेच का?

विमानात ही ड्राइव्ह चालते का, तेही कोणी सांगितलं तर बरं होईल.

तंबूतला

ताई, तुमच्या चारही अडचणींचं मूळ बहुतेक ड्राइव्हमध्ये नाही. अशी ड्राइव्ह फाइल आहे तशी हवेतून पुढे सरकवते, एवढंच तिचं काम. आतला प्रोसेसर इतका छोटा असतो की फाइलचं रूप बदलून देणं त्याला झेपत नाही. मोठ्या मीडिया सर्व्हरला 'या टॅबला डीटीएस पद्धतीचा आवाज समजत नाही, बदलून दे' असं सांगता येतं, हिला नाही. म्हणजे समोरच्या उपकरणाला समजेल अशीच फाइल तिच्यात असली पाहिजे. खरं काम निघण्याआधी, घरच्या लॅपटॉपवर.

मी सर्वेक्षणाच्या कामावर असतो. महिना-महिना तंबूत, चार-पाच सहकारी आणि अशीच एक ड्राइव्ह. त्या अनुभवावरून लिहितोय.

आवाज: त्या दोन फाइलींमध्ये एसी३ किंवा डीटीएस या पद्धतींनी साठवलेला आवाज असणार. बऱ्याच टॅबच्या मूळ प्लेअरला तो उलगडत नाही, त्यामुळे चित्र दिसतं पण ऐकू काही येत नाही. आधी टॅबवर व्हीएलसी हा फुकट प्लेअर टाकून त्यातून बघा, हे दोन्ही आवाज ते स्वतः उलगडतं. तेवढ्याने भागलं तर उत्तम. नाही भागलं तर लॅपटॉपवर हँडब्रेक हे व्हिडिओचं रूप बदलणारं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे, आणि फाइल एमपी४ मध्ये, चित्र एच.२६४, आवाज एएसी स्टिरिओ (बहुतेक उपकरणांना समजणारी रूपं) अशी करून घ्या. चित्र आधीपासूनच एच.२६४ असेल तर सगळं पुन्हा शिजवत बसू नका. एफएफएमपेग या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरने चित्र जसंच्या तसं कॉपी करून फक्त आवाज बदलता येतो. हँडब्रेकला तासभर लागणारं काम काही मिनिटांत होतं आणि चित्राचा दर्जा तसूभरही घटत नाही.

मोठी फाइल: दोन तासांचा सिनेमा ३१ जीबीचा म्हणजे सेकंदाला सरासरी ३४ मेगाबिट. तुमची ड्राइव्ह जुनी आहे, बहुधा वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालत असेल. त्या पट्ट्यात एका अँटेनाला कागदावर ७२ मेगाबिट मिळतात, हातात त्याच्या निम्मे आले तरी नशीब, आणि गाडीच्या डब्यात आजूबाजूच्या फोनांचे हॉटस्पॉटही तिथेच गर्दी करतात. त्यात चौघांनी एकदम बघायचं. तोच सिनेमा ४ मेगाबिटवर आणला की ३.६ जीबीचा होतो. दहा इंची पडद्यावर मला त्यात फरक दिसत नाही, आणि चौघांचे मिळून १६ मेगाबिट ती आरामात देते. फोनसाठी ७२०पी आणि २ मेगाबिटसुद्धा पुरतं, मग तोच सिनेमा १.८ जीबीत बसतो.

मधेच तुटणं: फोनच्या दृष्टीने इंटरनेट नसलेलं वायफाय म्हणजे बिघडलेलं वायफाय, म्हणून तो ते सोडून पळतो. विमान मोड लावा आणि मग फक्त वायफाय पुन्हा चालू करा. डेटाच बंद असला की त्याला पळायला जागा उरत नाही. जोडताना 'इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का' असं विचारलं तर होय म्हणा आणि पुन्हा विचारू नको हेही निवडा. ड्राइव्हला घरच्या वायफायमार्फत पुढे इंटरनेट देण्याची सोय असते. ती घरी सुरू ठेवून चाचणी केली तर सगळं छान चालतं आणि गाडीत गेल्यावर फसगत होते. चाचणी घरचा राउटर बंद करूनच करा.

आता सबटायटल्स. ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत.

टोप्यावाली रोमन अक्षरं दिसतात तिथे तुमचा मजकूर शाबूत आहे. फाइल यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या सांभाळणारी मजकूर साठवण्याची पद्धत) आहे आणि प्लेअर ती पश्चिम युरोपीय अक्षरांची समजून वाचतोय. व्हीएलसीच्या सबटायटल सेटिंगमध्ये मजकुराचं एन्कोडिंग यूटीएफ-८ करा. किंवा नोटपॅडमध्ये उघडून 'यूटीएफ-८ विथ बॉम' या पर्यायाने पुन्हा साठवा, म्हणजे फाइलच्या सुरुवातीलाच खूण बसते आणि प्लेअरला अंदाज बांधावा लागत नाही.

प्रश्नचिन्हांचं मात्र वाईट वाटतं. विंडोज १० च्या २०१९ मधल्या १९०३ आवृत्तीपर्यंत नोटपॅड मुळात एएनएसआय या जुन्या पद्धतीत साठवायचा. त्यात देवनागरीला जागाच नाही, त्यामुळे प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. ती फाइल लॅपटॉपवर उघडून बघा. तिथेही प्रश्नचिन्हंच असतील तर त्या फाइलमधून काही परत येणार नाही. पण तुम्ही टाइप आधी कुठे केलं होतं? वर्डमध्ये, मेलच्या मसुद्यात, स्वतःलाच पाठवलेल्या संदेशात? तिथे शोधा. वेळेचे आकडे एएनएसआयमध्येही नीट राहतात, म्हणजे मजकूर सापडला तर फक्त ओळी भराव्या लागतील.

आणि फाइलींची नावं. 'भाग ३.एमपी४' असेल तर सबटायटल 'भाग ३.एसआरटी', त्याच फोल्डरमध्ये, एका मोकळ्या जागेचाही फरक नको. डीएलएनएमार्फत (नेटवर्कवरून व्हिडिओची यादी दाखवण्याची पद्धत) उघडलं तर ड्राइव्ह बऱ्याचदा शेजारची एसआरटी पाठवतच नाही. व्हीएलसीमध्ये स्थानिक नेटवर्कमधून ड्राइव्ह एसएमबीने (नेटवर्कवरून फोल्डर उघडण्याची पद्धत) उघडा, तिथे फोल्डर जसेच्या तसे दिसतात आणि सबटायटल सापडतं. आईंसाठी अक्षरांचा आकार तिथेच मोठा करून ठेवा.

विमानाचं: बॅटरीवर एमएएच आणि व्होल्ट छापलेले असतात. ६४०० एमएएच आणि ३.७ व्होल्ट असेल तर सुमारे २४ वॉट-तास. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही, पण ड्राइव्ह हातातल्या सामानात ठेवा. आत तिचं वायफाय लावू देतात की नाही हे त्या त्या विमान कंपनीवर आहे, कर्मचाऱ्यांना विचारूनच लावा. नाही म्हणाले तर अडायला नको म्हणून येतानाचे दोन-तीन व्हिडिओ फोनमध्येच घेऊन ठेवा.

एक अनुभव सांगतो, कारण तो मला महागात पडला. फिरत्या डिस्कचं वाचणारं टोक तबकडीवर हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगतं. बहुतेक डिस्कना चालू स्थितीत सुमारे ३००० मीटरची मर्यादा दिलेली असते, कारण वर हवा विरळ होते आणि टोक खाली येतं. हे मी वाचलेलं नव्हतं. ४००० मीटरच्या वर असलेल्या तळावर आम्ही रोज संध्याकाळी ड्राइव्ह लावायचो. सहाव्या दिवशी टकटक आवाज आला आणि डिस्क दिसेनाशी झाली. त्यात सहकाऱ्याने मुलीच्या पहिल्या वर्षाचे व्हिडिओ ठेवले होते. सुदैवाने त्याची दुसरी प्रत घरी होती. विमानात केबिनमधला दाब साधारण २४०० मीटर उंचीइतका राखतात, त्यामुळे तिथे तुम्हाला भीती नाही. पण वाटेत उंच घाट किंवा डोंगरावरचा मुक्काम असेल तर तिथे ती चालू करू नका. आणि एकुलती एक प्रत तिच्यात कधीच ठेवू नका.

मंद दिवा

वरचं सगळं पटलं, दोन गोष्टी जोडते.

पासवर्ड. यातल्या कित्येक ड्राइव्ह खोक्यातून काढल्या की उघड्या वायफायवर सुरू होतात. डब्यातल्या कुणालाही तुमच्या फाइली दिसतील, काही ड्राइव्हवर पुसताही येतील. डब्ल्यूपीए२ ही वायफायची सुरक्षा लावून पासवर्ड ठेवा. शिवाय २०१५ मध्ये सीगेटच्या काही वायरलेस ड्राइव्हमध्ये टेलनेटचा (दुरून यंत्रात शिरण्याची जुनी पद्धत) एक न सांगितलेला दरवाजा सापडला होता, सगळ्या ड्राइव्हना एकच ठरलेला पासवर्ड. कंपनीने नंतर दुरुस्त फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) दिलं. भावाची ड्राइव्ह त्या काळातली असेल तर फर्मवेअर तपासा, आणि घरचे कागदपत्रं, ओळखपत्रांच्या प्रती असं काही त्यात राहिलंय का तेही बघा.

दुसरी गोष्ट, फाइली ड्राइव्हवर वायरनेच भरा. वायफायवरून ३०० जीबी टाकायला बसलात तर रात्र पुरणार नाही. ड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटवर असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल ती घेणार नाही, एक्सफॅट चालत असेल तर तसं फॉरमॅट करा. नवं काही टाकल्यावर ती पहिल्यांदा यादी करत बसते आणि त्यात बॅटरी खाते. ते घरी, चार्जरला लावून होऊ द्या.

मी स्वतः आता रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, त्याला एसएसडी (न फिरणारी डिस्क) आणि त्यावर जेलीफिन हा फुकट मीडिया सर्व्हर वापरते. १०००० एमएएचच्या पॉवर बँकेवर मला साडेपाच तास मिळतात. कारण एकच: माझे दोघे जुळे. जेलीफिनमध्ये प्रत्येकाचं वेगळं खातं, कोण कुठे थांबलं ते लक्षात राहतं, लहानांना काय दिसू द्यायचं ते ठरवता येतं, आणि लॉगिनला इंटरनेट लागत नाही. पण हे उभारायला मला तीन रविवार लागले. तुमच्याकडे अकरा दिवस आहेत आणि सबटायटल्सही दुरुस्त करायची आहेत, या खेपेला तुम्ही त्यात पडू नका.

पट्टीवाला

आईंचा फोन कार्ड घेत असेल तर त्यांचे सहाही भाग मायक्रोएसडी कार्डावर टाकून फोनमध्येच द्या. ड्राइव्हची बॅटरी संपली, वायफाय तुटलं, मुलांनी बटण दाबलं, काहीही झालं तरी त्यांचं वाचन थांबायला नको. मुलांनी वाट बघितली तर बिघडत नाही. गाडीच्या आवाजात आईंना दुसरं काही करमणुकीचं साधन नाही.

खिडकीशेजारची

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस याच्याच मागे होते, कळवते.

टॅबवर व्हीएलसी टाकल्यावर एका सिनेमाचा आवाज आला. दुसरा व्हीएलसीमध्येही मुकाच राहिला, म्हणून एफएफएमपेगने त्याचा फक्त आवाज बदलला, सात मिनिटं लागली. ३१ जीबीची फाइल नवऱ्याने ४ मेगाबिटवर आणली. त्याचा आधी विश्वास नव्हता, मग दोन्ही शेजारी लावून बघितल्या आणि मोठी काढून टाकली. काल राउटर बंद करून, सगळे फोन विमान मोडवर ठेवून, चौघांनी दोन तास बघितलं. एकदाही तुटलं नाही. बॅटरी निम्म्याच्या थोडी वर उरली होती.

पासवर्ड लावला. ड्राइव्हमध्ये भावाच्या जुन्या पगारपत्रकांचा अख्खा फोल्डर निघाला, त्याला सांगून पुसला. डोंगरावर आम्ही जाणार नाही, पण सहाही भागांची प्रत आता लॅपटॉपवर आहे.

टोप्यावाले चार भाग 'विथ बॉम' केल्यावर लगेच सरळ झाले. प्रश्नचिन्हांच्या दोन भागांपैकी पाचव्याचा मजकूर मेलच्या मसुद्यात सापडला. आधी मी तिथेच लिहायची हे मी विसरूनच गेले होते. वेळेचे आकडे खरंच शाबूत होते, ओळी भरून झाल्या. सहावा कुठेच नाही. तो पुन्हा टाइप करतेय, २६ मिनिटांपर्यंत आले आहे. थोरला शेजारी बसून व्हिडिओ थांबवतो आणि पुढे नेतो, त्यामुळे पहिल्यापेक्षा वेगाने होतंय.

आईच्या फोनला कार्डाची जागा आहे. ६४ जीबीचं कार्ड घातलं, अक्षरं मोठी केली, आणि काल तिने यंत्र काढून ठेवून तिसरा भाग पूर्ण बघितला. नंतर वहीच्या कागदावर लिहून दिलं की चौदाव्या मिनिटाला मी 'पिल्लं' दोनदा लिहिलंय आणि धनेशाची मादी ढोलीत स्वतःला बंद करून घेते तिथली ओळ फार लवकर जाते, तिला पुरी वाचता आली नाही. ती ओळ दोन सेकंद जास्त ठेवली आहे. बाकीच्या भागांतही लांब ओळी आहेत, त्या आज रात्री मोजते.