सक्काराची शवपेटी कॅमेऱ्यांसमोर उघडायला हवी होती का?

मूळ धागा
ऑक्टोबर २०२० मध्ये इजिप्तमधल्या सक्कारा इथे विहिरीसारख्या खोल खड्ड्यांत सापडलेल्या ५९ रंगीत लाकडी शवपेट्या जगाला दाखवल्या. अडीच हजार वर्षं मोहरबंद. त्यातल्या एकीचं झाकण पत्रकारांसमोरच उघडलं. व्हिडिओ बघताना मला फार वाईट वाटलं. अनेक शवपेट्यांच्या झाकणाला आतून आकाशदेवी नूत रंगवलेली असते, मेलेल्यावर पांघरूण घातल्यासारखी. ते चित्र त्या एकट्यासाठी होतं. आपण का डोकावायचं?

प्रतिसाद १
असहमत. ती माणसं विस्मरणाला भीत होती, नजरेला नव्हे. नाव घेतलं जातंय तोवर आपण आहोत, ही त्यांची श्रद्धा. थडग्यांवर येणाऱ्याजाणाऱ्यांना विनंती कोरलेली सापडते: माझ्यासाठी हजार भाकरी, हजार घडे बिअर, एवढं तोंडाने म्हणा. वाचणारा त्यांना हवाच होता! आणि पावित्र्याचं म्हणाल, तर एकविसाव्या राजवंशाच्या काळात, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी, थीब्ज नगरीत त्यांनीच जुन्या मृतांना बाहेर काढून, नवा गिलावा देऊन, नवं नाव रंगवून पेट्या पुन्हा वापरल्या. चांगलं लाकूड मिळत नव्हतं. देवदार लेबनॉनहून यायचा. घरचं लाकूड म्हणजे सायकमोर, आपल्या उंबराचा भाऊबंद.

प्रतिसाद २
गरजेपोटी कोणी नियम मोडला म्हणून नियमच नव्हता असं होत नाही. शिवाय नाव बहुतेकदा पेटीच्या बाहेरच लिहिलेलं असतं, त्यासाठी झाकण कशाला काढायचं? २०१२-१३ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियममधली नेस्पेरेन्नुबची ममी पाहिली होती. कर्नाकच्या मंदिरातला पुजारी, ख्रिस्तपूर्व ८०० च्या सुमाराचा. त्याचं कवच फोडलेलं नाही. डोक्याला चिकटलेलं मातीचं भांडं सीटी स्कॅनमध्ये ओळखू आलं.

प्रतिसाद १
स्कॅनर खड्ड्यात कसा उतरवणार? पेटी वर आली की हवा बदलते, गिलावा सुटू लागतो. आत काय अवस्था आहे, हे संवर्धकाला पाहावंच लागतं.

धागाकर्ता
संवर्धकाने प्रयोगशाळेत उघडली तर माझं काहीच म्हणणं नाही. आक्षेप कॅमेऱ्यांना आहे. मध्य राज्याच्या काळात, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वी, पेटीच्या डाव्या बाजूला दोन डोळे रंगवत आणि मृताला कुशीवर, पूर्वेकडे तोंड करून निजवत. उगवता सूर्य त्याला दिसावा म्हणून. ज्यांच्याकडे मेलेल्याची एवढी काळजी घेत, त्यांच्यातल्या एकाचं झाकण काढण्याआधी निदान त्याचं नाव मोठ्याने वाचायचं होतं. प्रतिसाद १, तुमचाच मुद्दा. मी पाहिलेल्या व्हिडिओत ते ऐकू आलं नाही.