पीओपी कॉर्निस: डागडुजी की नवी?

ओळंबा:
छताच्या कडेला ४ इंची पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) कॉर्निस, म्हणजे भिंत-छताच्या कोनातली नक्षीदार पट्टी आहे. कोपऱ्यापासून दोनेक फूट फुगून पोपडे निघालेत. पुढे भिंतीच्या सांध्यावर केसासारखी चीर लांबवर गेलीय. ही नक्षी आता कुठे मिळत नाही. सगळीच पाडावी का?

करणी:
फुगलीय म्हणजे ओल आहे. गळती बंद केल्याशिवाय हात लावू नका, नाहीतर नवी पण तशीच फुगेल. सुकलं की नाही ते बघायला प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी टेपने चिकटवा. दुसऱ्या दिवशी आतून दमट दिसला तर अजून थांबा.

मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. आवाज भरीव आला तर तो भाग शाबूत. पोकळ वाजतं पण माल कडक आहे, तिथे स्क्रूने आवळता येतं. नखाने भुगा पडतो तिथे मात्र पुट्टीचे थर चढवण्यात अर्थ नाही, तेवढा भाग कापाच. निम्म्याहून जास्त लांबी पोकळ असेल तरच सगळी पाडायचा विचार करा.

रंधा:
नक्षीची काळजी सोडा. कापलेल्या टोकाला पुठ्ठा टेकवून आकार उतरवा, त्यावरून जस्ती पत्र्याचा साचा कापा, कानशीने घासा आणि मागे लाकडी फळी ठोका. तेल लावलेल्या काचेवर माल (कालवलेला पीओपी) टाकून त्यावरून साचा ओढायचा. पावडर पाण्यात भुरभुरा, उलटं केलंत तर गुठळ्या होतात. पहिल्या थरात काथ्या घाला आणि तो थर २-३ मिमी कमी ठेवा, कारण पीओपी घट्ट होताना किंचित फुगतो आणि साचा अडकतो. घट्ट व्हायला लागलेल्या मालात पाणी घालून पुन्हा कालवू नका, तो कधीच नीट कडक होत नाही.

ओळंबा:
आणि ती चीर? पुट्टी भरू?

करणी:
नको, पुन्हा फुटेल. भिंत आणि छत वेगवेगळे हलतात. चीर थोडी उकरून, धूळ काढून ॲक्रिलिक सीलंट भरा. सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही. चिरेची एक कड खाली उतरलेली दिसली तर मात्र कॉर्निस सुटतेय. आधी खालून टेकू द्या.

रंधा:
नवा तुकडा लावताना जुनी टोकं आणि मागची भिंत ओली करा. कोरडं राहिलं तर ते मालातलं पाणी शोषून घेतं आणि सांधा सुटतो. स्क्रू गंज न लागणारेच घ्या, साध्या लोखंडी स्क्रूचे तपकिरी डाग रंगातून वर येतात.