परिचारिका म्हणून जर्मनीला जावे की सांगलीतच राहावे?

प्रश्न: माझे बीएस्सी नर्सिंग झाले असून मी सांगलीत एका खासगी रुग्णालयात नोकरी करते. जर्मनीला जाण्याचा गांभीर्याने विचार चालू आहे. परंतु मी एकुलती एक मुलगी असल्याने आईवडिलांचे आणि वडिलांच्या शेतीचे पुढे काय, ही चिंता सुटत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर: ताई, आधी भाषेकडे पाहा. परिचारिका म्हणून मान्यता मिळवण्यासाठी तेथे साधारणपणे बी२ पातळीचे, म्हणजे कामावर बऱ्यापैकी सहज बोलता-समजता येईल असे जर्मन लागते आणि शिक्षणात तफावत आढळल्यास पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा द्यावी लागते. तोवर साहाय्यकाचे काम आणि पगारही कमी. मी स्टुटगार्टला आहे. रात्रपाळीत एखादे आजोबा श्वाबियन बोलीत कुठे दुखते ते सांगू लागतात, तेव्हा वर्गात शिकलेली भाषा तोकडी पडते आणि जीव कासावीस होतो.

उत्तर: शेतीची धास्ती घेऊ नका. केवळ नोकरीसाठी गेल्याने भारतीय नागरिकत्व जात नाही. जर्मनीत 2024 पासून साधारण 5 वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो आणि त्या देशाला दुहेरी नागरिकत्व चालते, भारताला मात्र नाही. पुढे जर्मन नागरिकत्व घेतलेत तर भारतीय नागरिकत्व जाते; मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना भारत सरकार देते ते कार्ड) घेतले तरी मतदानाचा हक्क राहत नाही, शेतजमीन विकतही घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र मिळू शकते.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. नोकरी न सोडता आधी भाषेचा वर्ग लावते आणि या रविवारी वडिलांशी स्पष्ट बोलते.