मदत हवी आहे: क्लोन केलेल्या व्हर्च्युअल मशीनलाही तोच आयपी पत्ता मिळतो

नमस्कार. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका संगणकात आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर) उबुंटू सर्व्हर २२.०४ चे एक व्हर्च्युअल मशीन तयार करून मी त्याचा क्लोन (हुबेहूब प्रत) काढला; परंतु ब्रिज्ड अडॅप्टर (मशीनला थेट स्थानिक नेटवर्कवर जोडणारा पर्याय) निवडल्यावर राउटर दोघांनाही १९२.१६८.१.३७ हाच पत्ता देतो आणि एकाशी एसएसएचने (दुरून लॉगिन करण्याची पद्धत) जोडले की दुसऱ्याची जोडणी तुटते. मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे ओळख क्रमांक) वेगवेगळे आहेत, याची खात्री केली आहे. नॅटवर (मूळ संगणकामार्फत जोडणी देणारा पर्याय) इंटरनेट चालते, मात्र तेथे प्रत्येक मशीनचा पत्ता १०.०.२.१५ असल्याने ती एकमेकांना दिसत नाहीत.

उबुंटू डीएचसीपीला (आयपी पत्ते वाटणारी सेवा) स्वतःची ओळख मॅकऐवजी मशीन-आयडी या फाइलमधील क्रमांकावरून देते असे वाचनात आले, आणि तपासले तर दोन्हींकडील ती फाइल अक्षरशः सारखी निघाली. क्लोनमधील फाइल रिकामी करून मशीन पुन्हा सुरू करणे पुरेसे आहे, की नेटप्लॅनमध्ये (उबुंटूची नेटवर्क मांडणी ठरवणारी व्यवस्था) ओळखीसाठी मॅक वापरण्याची सूचनाही लिहावी लागेल? अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.